दाढ काढली, कळ राहिली

प्रश्न : आमच्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गालात, खालच्या जबड्याकडे, वीज चमकल्यासारखी कळ येऊ लागली. दाढेचं दुखणं समजून एक दाढ काढली. तीन महिने बरं गेलं, मग पुन्हा तेच. शेजारची दाढ काढली, तरी थांबेना. त्यानंतर सायनसचा सीटी स्कॅन झाला, कानाचे डॉक्टर झाले, मानेचा पट्टा झाला. आता त्या जागी दाढच नाही, तरी ब्रश तिथे लागला की त्या कळवळतात. तोंड धुवायलाही घाबरतात. जी दाढ तोंडात नाही ती दुखते कशी? आणि तीही नुसत्या स्पर्शाने? ता. क. काढलेल्या दाढा परत बसवता येतील का, असं त्या स्वतः विचारत आहेत.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी एक कबुली देते. अशीच एक धडधाकट दाढ माझ्याही हातून निघाली आहे. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील. बाजाराच्या दिवशी एक बाई पदर गालाशी धरून आल्या. खालची दाढ दाखवली. एक्स-रेत काही दिसेना. दाढेला थंड लावून पाहिलं, ठोकून पाहिलं, सगळं ठीक. खात्री करावी म्हणून जबडा बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि कळ जागच्या जागी थांबली. झालं, दुखणं दाढेचंच असं मी ठरवलं आणि दाढ काढून हातावर ठेवली. दोन महिन्यांनी बाई पुन्हा दारात. कळ तीच, जागा तीच, फक्त दाढेच्या जागी खड्डा. त्या इंजेक्शनाने मला कसं फसवलं ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात तपासण्या-उपचारांचा उल्लेख आहे, पण मला सगळ्यात कामाचे वाटले ते 'वीज चमकल्यासारखी' हे शब्द. चेहऱ्याच्या दुखण्याचं निदान डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत आणि ती जगभर वापरली जाते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलं, हे काम आमच्या बाकावर बसलेल्या आज्या रोज करतात. दाढ ठणकते. गळू ठसठसतं. जबडा अवघडतो. हिरडी चुरचुरते. गाल जड होतो. जिभेची आग होते. आणि नस सणकते. ठणका म्हणजे आत काहीतरी सुजलंय आणि नाडीच्या ठेक्यावर दुखतंय. सणक म्हणजे आली आणि गेली. दोन्हींत गल्लत करणारी आजी मला अजून भेटलेली नाही. गंमत अशी, की दवाखान्याची पायरी चढली की माणसं हे शब्द बाहेर ठेवतात आणि 'डॉक्टर, पेन होतंय' म्हणतात. मग मी विचारते, 'घरी काय म्हणता?'

शब्दांनंतर घड्याळ. एक कळ किती वेळ टिकते? 'दिवसभर दुखतं' हे उत्तर मी घेत नाही, कारण दिवसभरात पन्नास कळा येणं वेगळं आणि सकाळी सुरू झालेलं दुखणं रात्रीपर्यंत चालणं वेगळं. नसेची सणक क्षणभर ते फार तर दोन मिनिटं टिकते. डोळ्यामागे भोसकल्यासारखं दुखणं, त्या बाजूचा डोळा लाल, नाक वाहतंय आणि हे सगळं पाव तास ते तीन तास, बहुतेक वेळा रोज ठरावीक वेळेला, तर ती क्लस्टर डोकेदुखी. अर्धशिशी औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. आणि महिनोन् महिने, न थांबता, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही असं बोथट दुखणं असेल, तर त्याची वाट आणखी वेगळी.

मग मी विचारते, कळ येते तेव्हा तुम्ही करता काय? पुष्कळदा याचं उत्तर पेशंट न बोलता देतो. किडलेल्या दाढेचा माणूस गाल तळहाताने दाबून धरतो, गार पाण्याची गुळणी तोंडात घोळवतो. अर्धशिशीवाला दिवा मालवून निपचित पडतो. क्लस्टरवाला पडूच शकत नाही, रात्री दोन वाजता अंगणात येरझारा घालतो. आणि नसेची सणक येणारा माणूस बोलता बोलता मध्येच थिजतो. हात गालाकडे जातो, पण गालाला लागत नाही, दोन बोटं अलीकडेच थांबतो. शब्द अर्धाच राहतो. माझ्या त्या बाजाराच्या दिवशीच्या बाईंचा पदर गालावर नव्हता, गालाशी होता. मी तो पाहिला होता, पण वाचला नाही.

तुमच्या सासूबाईंचं वर्णन याच खणात बसतं. एका बाजूची, विजेसारखी, ब्रशच्या आणि पाण्याच्या स्पर्शाने येणारी, वय पन्नाशीच्या पुढे, बायकांत थोडी जास्त, डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त. पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, पण संशय घेता येतो, आणि मला संशय ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा आहे. अभिनेते सलमान खान यांनी आपल्याला हा त्रास असल्याचं जाहीरपणे सांगितलं, २०११ साली त्यांनी अमेरिकेत त्यावर उपचारही घेतले. तेव्हापासून हे लांबलचक नाव उच्चारण्याऐवजी 'सलमानचा आजार' म्हटलं की आमच्याकडे लगेच कळतं.

आता तुमचा खरा प्रश्न. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यातली पाचवी चेहऱ्याची. कानाच्या पुढच्या बाजूला, कवटीच्या आत, तिला तीन फाटे फुटतात : एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. दाढेतून निघालेला संदेश या फाट्यातून मूळ नसेत आणि तिथून मेंदूत जातो. पोस्टातल्या पत्रासारखं समजा. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता 'खालची उजवी दाढ' असा छापलेलाच आहे. कुणी वाटेतल्या एखाद्या पेटीत तेच पाकीट टाकलं, तरी मेंदू पत्ता वाचतो आणि म्हणतो, दाढेकडून आलंय. दाढ उपटली तरी छापील पाकिटं संपत नाहीत.

वाटेत पत्र टाकणारं कोण? बहुतेकांत, मेंदूजवळची एक रक्तवाहिनी. वयाबरोबर रोहिण्या लांबतात, वळणं घेतात. अशी एखादी वेटोळी रोहिणी पाचव्या नसेच्या मुळाशी, नस मेंदूत शिरते त्या काही मिलिमीटरच्या टप्प्यावर, टेकते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिला घासते. वर्षानुवर्षं घासून नसेवरचं आवरण झिजतं. विजेच्या वायरीचं प्लॅस्टिक निघाल्यावर शेजारच्या दोन तारा एकमेकींना लागतात, तसं इथे होतं. स्पर्शाच्या तारेतून जाणारा संदेश वेदनेच्या तारेत उडी मारतो. म्हणून ब्रशचा स्पर्श, पाण्याचा हबका, एसटीच्या खिडकीतला वारा, नथीचा धक्का, पुरुषांत दाढीचा वस्तरा, एवढं पुरतं. जोरात दाबल्यावर काही होत नाही आणि केस लागला तर वीज पडते, हे ऐकून घरच्यांना नाटक वाटतं. ते नाटक नाही, हे कृपया घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आणि माझं इंजेक्शन? त्याने दाढ बधिर झाली, तसा तिथला स्पर्शही बधिर झाला. ठिणगी टाकणारी जागाच झोपली, म्हणून कळ आली नाही. त्यावरून दाढ दोषी ठरत नव्हती. मी ठरवली.

पहिली दाढ काढल्यावर तीन महिने बरं का वाटलं, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. या आजाराला मधूनच आपोआप थांबायची सवय असते. आठवडे, महिने, कधी त्याहूनही जास्त काळ सणक येत नाही. त्या सुटीच्या आधी जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं : दाढ काढणं, रूट कॅनॉल, कानात सोडलेलं तेल, पडवळाचा रस, काहीही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. पुढच्या वेळी फांदी तुटली नाही की दुसरी दाढ निघते.

ही चूक फार जुनी आहे. तत्त्ववेत्ते जॉन लॉक हे वैद्यकही करत. १६७७ साली पॅरिसमध्ये त्यांनी इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला तपासलं. चेहऱ्याच्या एका बाजूला झटक्यासारख्या कळा, तोंड उघडलं तरी नवी कळ. त्यांचेही दात आधीच काढून झाले होते. लॉक यांनी लंडनच्या वैद्यमित्राला लिहिलेल्या पत्रांत हे सगळं नोंदवलेलं आहे. १७५६ साली निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने त्या आजाराला नाव दिलं, 'तिक दुलुरो', म्हणजे वेदनेने चेहरा आक्रसणं. आपल्याकडे सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यातल्या 'अनंतवाता'शी आजचे वैद्य हा आजार जोडून पाहतात.

पण माझा संशय खरा धरून औषध सुरू करू नका. आधी खऱ्या दातदुखीला नीट बाद करायला हवं, कारण ती शंभरपट जास्त आढळते. चिरलेली दाढ ही यातली सगळ्यात लबाड. सुपारी, फुटाणे, भाकरीत आलेला खडा यांनी दाढेला केसाएवढी चीर पडते. एक्स-रेत ती दिसत नाही. चावताना नाही, चावून दात सोडताना चमक निघते. आम्ही एकेका टोकावर लाकडाची काडी चावायला देऊन ती शोधतो. दातातली नस सुजली असेल तर गरम चहाने सुरू झालेला ठणका चहा संपल्यावरही मिनिटभर चालतो, आडवं पडल्यावर वाढतो, झोपेतून उठवतो. न्यूराल्जियाची सणक सहसा झोपू देते. शिवाय आतली नस सुजलेली असताना वरची दाढ दुखते की खालची हेही पेशंटला सांगता येत नाही, म्हणून त्याने दाखवलेल्या दाढेवर मी आता कधीच एकदम विश्वास ठेवत नाही. जेवणाच्या पहिल्या घासाला, विशेषतः लोणच्याला, जबड्याखाली गाठ येऊन दुखलं तर लाळेच्या नळीत खडा असतो. कानापुढे कटकट वाजत जबडा दुखला, सकाळी जास्त, तर सांधा आणि रात्री दात खाण्याची सवय. तोंड दिवसेंदिवस कमी उघडतंय आणि तिखट लागताच आग होते, तर गुटखा-सुपारीने आतली कातडी आवळत चालली आहे, आणि ते वेगळंच, गंभीर प्रकरण आहे.

दंतवैद्याने 'दात ठीक' म्हटल्यावर मेंदू व मज्जातंतूंचे डॉक्टर, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. ते कापसाच्या बोळ्याने दोन्ही गालांची संवेदना ताडून पाहतील. गाल बधिर असेल तर मामला साधा नाही. एमआरआय सांगतील, तो करून घ्या, पण त्याचं काम काय ते समजून घ्या. गाठ नाही ना, मल्टिपल स्क्लेरॉसिस नाही ना, आणि रोहिणी नसेला टेकली आहे का, हे पाहायला तो असतो. कधीही न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही रोहिणी नसेला टेकलेली दिसते. त्यामुळे रिपोर्टमधल्या त्या एका ओळीवर निदान उभं राहत नाही, सासूबाईंच्या सांगण्यावर राहतं.

नेहमीची दुखण्याची गोळी या कळेवर चालत नाही. पोटात उतरायच्या आत कळ संपलेली असते, आणि पुढची कळ तिला जुमानत नाही. चालतं ते फिटच्या आजारासाठी आलेलं कार्बामॅझेपिन. १९६२ साली स्वीडनच्या ब्लोम या डॉक्टरांनी या कळेवर ते दिल्याचं प्रसिद्ध केलं आणि आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. त्याने बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो, आणि हा उतारच निदानाला दुजोरा देतो. मात्र ते साधं औषध नाही. झोप येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम घसरतं. आशियाई लोकांत आढळणारं एक विशिष्ट जनुक असेल तर अंगावर जिवावरचं पुरळ उठू शकतं, म्हणून काही डॉक्टर आधी रक्ताची तपासणी सांगतात. पुरळ दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं. शेजाऱ्याकडची पट्टी आणून सुरू करायची तर मुळीच नाही. औषध पुरलं नाही तर कानामागून छोटी खिडकी करून नस आणि रोहिणी यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवायची शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकात ती रूढ केली. कवटी उघडणं झेपणार नसेल त्यांच्यासाठी गालातून सुई घालून किंवा किरणांनी नस मंदावण्याचे उपायही आहेत.

काही गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. पन्नाशीनंतर कानशील दुखरं झालं, जेवताना जबडा दमून घास थांबवावा लागला आणि नजर अंधूक वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना. कानशिलाच्या रोहिणीला सूज असू शकते आणि डोळा जातो. जिना चढताना जबडा आवळून येतो आणि बसल्यावर सुटतो, तर दंतवैद्याकडे नाही, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. साखर वाढलेली असताना गाल दुखून बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, तर काय समजायचं हे २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्राला शिकवलं आहे.

ता. क. चं उत्तर. हो, दाढा बसवता येतात. पण आता नको. कळ चालू असताना कवळीची पट्टी नेमकी त्याच जागी घासेल, आणि इम्प्लांटच्या जखमेला कळेचं कारण ठरवून पुन्हा नवा घोळ होईल. औषधाने कळ थांबून काही महिने शांत गेले की मग बघू. माझ्या त्या बाईंना मी पुढे दाढ बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांनी दिवाळीला चकल्या पाठवल्या. त्या सालच्या चकल्या मी जरा जपूनच खाल्ल्या.

प्रश्न : मला कॉलेजपासून सायनस आहे. ऋतू बदलला, ऊन लागलं, जागरण झालं की एका बाजूचा गाल आणि भुवई दुखते, नाकही वाहतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर आता म्हणतात, ही अर्धशिशी. अर्धशिशीत डोकं दुखतं, माझा तर गाल दुखतो. कुणाचं खरं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा डॉक्टरांचं. सायनस सगळ्यांनाच असतात, नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांना संसर्ग झाला तर नाक चोंदतं, घट्ट पिवळा शेंबूड येतो, वास जातो, ताप येतो आणि काही आठवड्यांत आटोपतं. वर्षानुवर्षं येणारं-जाणारं, उन्हाने आणि जागरणाने येणारं दुखणं पोकळीचं नसतं. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या किंवा तसं निदान मिळालेल्या २,९९१ लोकांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या घराण्यातली निघाली. नाक वाहतं त्यामागेही वरच्या उत्तरातली पाचवी नसच आहे. अर्धशिशीत पाचवी नस खवळते, आणि तिच्या खवळण्याने नाक-डोळ्यांना पाणी सोडणाऱ्या नसाही जाग्या होतात.

उलटही घडतं. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीच्या अगदी तळाशी असतात, एखाद्याची तर आत डोकावतात. एकाच बाजूचं नाक घाण वासाने वाहत असेल तर ईएनटीनंतर आमच्याकडेही एक फेरी मारा.

पुढच्या वेळी दुखेल तेव्हा तीन गोष्टी पाहून ठेवा : उजेड नकोसा होतो का, मळमळतं का, आणि जिना चढल्याने वाढतं का. आणि महिन्यात किती दिवस गोळी घेतली ते कॅलेंडरवर खूण करून मोजा. महिन्याला दहा-पंधरा दिवसांच्या वर आकडा गेला, तर आता गोळीच डोकं दुखवत असण्याची शक्यता आहे.

बाम लावत असाल तर लावा. त्याने पोकळी उघडत नाही, नाकातली हवाही वाढत नाही. मेन्थॉल गार जाणवणाऱ्या टोकांना चेतवतं आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. तो गारवा मेंदूपर्यंत नेणारी नसही पाचवीच.